पिग्मी कलेक्शन ॲप: ब्राउझर कॅशच्या नोंदी

२ जून २०२५

एका पतसंस्थेचं पिग्मी कलेक्शनचं वेब ॲप आजपासून आमच्याकडे आलं. पुढची स्क्रीनची बाजू रिॲक्ट आणि व्हीट या साधनांत, मागे डेटा देणारी नोडची एपीआय, सगळं एकाच सर्व्हरवर एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या मागे. एजंट लोक बाजारात, गल्लीत, दुकानादुकानात फिरून रोजचे पन्नास-शंभर रुपये गोळा करतात आणि तिथंच फोनवर पावती करतात. रेंज असो नसो पावती झाली पाहिजे म्हणून ती आधी फोनमधल्या इंडेक्स्ड-डीबीत (ब्राउझरचा डेटाबेस) पडते आणि नेट आलं की वर जाते. फोन बहुतेकांचे साधे अँड्रॉइड.

तक्रार अशी की २२ मे ला नवीन पावतीचं रिलीज गेलं, त्यात खात्याची मुदत आणि उरलेले हप्ते छापून यायला लागले, पण काहींना ती पावती लगेच दिसली, काहींना दोनचार दिवसांनी आणि काहींना अजूनही जुनीच येतेय. खातेदार शाखेत येऊन विचारतात की शेजारच्या दुकानदाराला वेगळी पावती आणि आम्हाला वेगळी कशी.

सपोर्टची शीट उघडली तर एकाखाली एक तेच उत्तर, 'कॅश क्लिअर करायला सांगितलं, क्लोज'. कॅश म्हणजे पुन्हा डाउनलोड करावं लागू नये म्हणून ब्राउझरने जवळ ठेवलेल्या फाइली. त्यातली एक नोंद वाचून मात्र थांबलो. एका एजंट ताईंना फोनवरून सांगितलं की सेटिंगमध्ये जा, सगळ्या टिका करा आणि डिलीट दाबा. त्यांनी तसंच केलं. त्या टिकांमध्ये 'कुकीज आणि साइट डेटा' पण होतं, म्हणजे इंडेक्स्ड-डीबी गेली, आणि त्यात दुपारच्या न पाठवलेल्या सगळ्या पावत्या होत्या. ताईंना वहीत लिहून ठेवायची सवय म्हणून निभावलं, संध्याकाळी वहीवरून परत भरल्या. हे लोकांच्या घामाचे पैसे आहेत, आणि आपण त्यांना फोनवर डेटा पुसायला सांगतोय. ब्राउझरमध्ये कॅश नावाचं काही असतं हे एजंटला माहीत असायची गरजच नाही, ते सर्व्हरने आणि कोडने सांभाळायचं. टीमला सांगून टाकलं, यापुढे कोणालाही कॅश क्लिअर करा म्हणायचं नाही, काम आपल्या बाजूने सुटलं पाहिजे.

३ जून

सकाळी कर्लने (कमांडवरून पान मागवायचं साधन) एकेका फाइलचे हेडर, म्हणजे फाइलसोबत सर्व्हर पाठवतो त्या सूचना, काढले. इंडेक्स डॉट एचटीएमएलवर (ॲपचं पहिलं पान) कॅश-कंट्रोल, म्हणजे फाइल किती काळ ठेवायची ती सूचना, नाहीच, फक्त लास्ट-मॉडिफाइड (शेवटची कधी बदलली) आणि ईटॅग (आवृत्तीची खूण). खूप जणांचा समज असतो की हेडर दिलं नाही म्हणजे ब्राउझर कॅश करत नाही, पण तसं नाहीये. सर्व्हरने मुदत सांगितली नसेल तर ब्राउझरला अंदाजाने मुदत ठरवायची मुभा आहे, आत्ताच्या आरएफसी ९१११ या कॅशच्या प्रमाण नियमावलीत (२०२२ ची) तसं लिहिलेलंच आहे, आणि नेहमीचा अंदाज म्हणजे फाइल शेवटची बदलली त्याला जितका काळ झाला त्याच्या १० टक्के.

आपल्या फाइलवर हिशोब लावून बघितला. आधीचं डिप्लॉय (सर्व्हरवर नवीन कोड चढवणं) १० एप्रिलचं. समजा एजंटने २० मे ला ॲप उघडलं, म्हणजे फाइल ४० दिवस जुनी, १० टक्के म्हणजे ४ दिवस. त्या फोनने ठरवलं की २४ मे पर्यंत ही फाइल ताजीच आहे, सर्व्हरला विचारायचं कारण नाही. मध्ये २२ ला रिलीज गेलं ते त्याला कळणार कुठून. इंडेक्स जुनी म्हणजे तिच्यात लिहिलेली जेएस-सीएसएस फाइलींची हॅशवाली (मजकुरावरून बनलेल्या खुणेची) नावं पण जुनी, म्हणजे अख्खं ॲप जुनं. आणि यात वाईट भाग असा की ॲप जितके दिवस न बदलता नीट चालू असेल तितकी ही मुदत वाढत जाते, म्हणजे सहा महिने हात न लावलेल्या ॲपचं रिलीज सगळ्यात जास्त अडकतं.

दोनचार दिवसांनी ज्यांना दिसलं त्यांचं कोडं सुटलं. पण आज ३ तारीख, चार दिवस कधीच होऊन गेले, तरी काही फोन अजून जुन्यावरच आहेत, म्हणजे खाली अजून एक थर आहे. सर्व्हिस वर्करवर संशय आहे, म्हणजे पान आणि सर्व्हरच्या मध्ये बसून रिक्वेस्टना स्वतः उत्तर देऊ शकणारी ब्राउझरमधली स्क्रिप्ट. तो नंतर उघडतो, आधी हेडर.

४ जून

कुठल्या फाइलला काय द्यायचं ते ठरवलं. इंडेक्सला नो-कॅश. असेट्स फोल्डरमधल्या हॅशवाल्या फाइलींना मॅक्स-एज ३१५३६०००, म्हणजे पूर्ण वर्ष, आणि सोबत इम्म्युटेबल ('ही फाइल बदलणारच नाही'). त्या फाइलींचं नावच आतल्या मजकुरावरून बनतं, मजकूर बदलला की नाव बदलतं, त्यामुळे वर्षभर ठेवल्या तरी बिघडत नाही. इम्म्युटेबल फायरफॉक्स आणि सफारी मानतात, क्रोमने रिलोडची पद्धतच बदलून ते प्रकरण वेगळ्या बाजूने सोडवलंय, पण लिहिल्याने नुकसान काही नाही. मॅनिफेस्ट (ॲपचं नाव-आयकॉन सांगणारी फाइल) आणि आयकॉनला एक दिवस. खातेदाराचा डेटा देणाऱ्या एपीआयला नो-स्टोअर.

टीममधल्या ज्युनियरने विचारलं की सर, एजंटला रेंज नसते आणि आपण इंडेक्सला नो-कॅश देतोय, मग प्रत्येक वेळी पूर्ण पान डाउनलोड होणार ना. नाही होणार. नो-कॅश असलं तरी ब्राउझर फाइल जवळ ठेवतोच, फक्त वापरायच्या आधी ईटॅग पाठवून सर्व्हरला विचारतो, बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ ('बदल नाही') देतो आणि त्यात मजकूर नसतोच, नुसते हेडर. माल आणायला जायच्या आधी दुकानदाराला फोन करून 'कालचाच भाव ना' विचारावं तसं. अजिबात ठेवू नको असं सांगायचं असेल तर ते नो-स्टोअर. हा फरक त्याला स्वतःच्या ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये दाखवला, २०० (पूर्ण फाइल) आणि ३०४ च्या शेजारचे बाइट बघितल्यावर परत विचारावं लागलं नाही.

एन्जिनएक्समध्ये एक जागा नीट बघण्यासारखी आहे. ॲड-हेडर (हेडर जोडायची ओळ) वरच्या पातळीवरून खाली तेव्हाच येतं जेव्हा खालच्या लोकेशनमध्ये (ठरावीक पत्त्यांसाठीचा भाग) स्वतःचं एकही ॲड-हेडर नसतं. सर्व्हर ब्लॉकमध्ये सुरक्षेचे हेडर होते (फ्रेममध्ये उघडू नये वगैरे), असेट्सच्या लोकेशनमध्ये कॅश-कंट्रोल लिहिलं की ते सगळे तिथून गायब, ना एरर ना वॉर्निंग. म्हणून ते वेगळ्या फाइलमध्ये काढून प्रत्येक लोकेशनमध्ये इन्क्लूड केले. त्याच ॲड-हेडरचा एक गुण मात्र उपयोगी आहे, पुढे ऑलवेज लिहिलं नाही तर ते ४०४ वर ('फाइल नाही' हे उत्तर) लागत नाही, त्यामुळे नसलेल्या फाइलला 'वर्षभर ठेव' असं चुकूनही जात नाही.

६ जून

स्टेजिंगवर (चाचणीचा सर्व्हर) टाकलं. लॅपटॉपवर सगळं बरोबर, असेट्ससमोर 'डिस्क कॅश' आणि 'मेमरी कॅश', इंडेक्ससमोर ३०४. डेव्हटूल्समधली (ब्राउझरची तपासणीची साधनं) 'डिसेबल कॅश'ची टिक काढलीय ना हे दोनदा बघायला सांगितलं सगळ्यांना, ती टिक असेल तर तुम्ही बघताय ते एजंटला कधीच दिसत नाही, आणि ती फक्त डेव्हटूल्स उघडे असतानाच लागू असते त्यामुळे गोंधळ अजून वाढतो. खरी तपासणी एजंटकडे असतो तसल्या फोनवर, यूएसबी केबल लावून क्रोमच्या इन्स्पेक्टमधून.

९ जून

आज वेगळीच गोष्ट समोर आली. शाखेतून फोन, एका एजंट काकांना 'रिपोर्ट' दाबलं की पांढरा स्क्रीन. काकांनी सकाळी ॲप उघडलं, बंद केलंच नाही, दुपारी आम्ही छोटा बदल डिप्लॉय केला. रिपोर्टचं पान लेझी लोड होतं, म्हणजे त्याचा चंक (कोडचा तुकडा) दाबल्यावरच मागवला जातो, आणि काकांच्या उघड्या पानाला जुन्या चंकचं नाव माहीत. आधीच्या टीमची डिप्लॉय स्क्रिप्ट मात्र जुनं फोल्डर पुसून नवीन ठेवते, त्यामुळे ती फाइल सर्व्हरवर नाहीच.

आता फाइल नाही तर ४०४ यायला पाहिजे होतं ना, पण आलं २०० आणि आत इंडेक्सचं एचटीएमएल. कारण 'फाइल नसेल तर इंडेक्स दे' हा सिंगल पेज ॲपचा नेहमीचा नियम सगळ्या पत्त्यांना सरसकट लावलेला. ब्राउझरने जेएस मागितलं, हातात एचटीएमएल पडलं, माइम टाइप (फाइलचा प्रकार) बघून त्याने ते चालवायला नकार दिला, स्क्रीन पांढरा. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र सगळं हिरवं, त्यामुळे कोणाला आजवर पत्ताच लागला नाही. पुढेमागे सीडीएन (फाइलींच्या प्रती ठेवून वाटणारे मधले सर्व्हर) लावला आणि त्याला 'शेवट जेएस असेल तर वर्षभर ठेव' असा नियम दिला तर तो हेच एचटीएमएल जेएसच्या नावाखाली वर्षभर वाटत बसेल, म्हणून हे आत्ताच बंद करायला हवं.

केलेले बदल: असेट्सच्या लोकेशनमध्ये फाइल नसेल तर सरळ ४०४. डिप्लॉय करताना आधी नवीन असेट्स चढवायचे, इंडेक्स सगळ्यात शेवटी, म्हणजे इंडेक्स नवीन पण तिने मागितलेली फाइल अजून आलीच नाही असा क्षणभरही खड्डा राहणार नाही. जुने असेट्स लगेच पुसायचे नाहीत, पंधरा दिवसांपेक्षा जुने तेवढे क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) काढायचे. डिस्कवर जागा किती लागते बघितलं, नगण्य. आणि व्हीट असा चंक फसला की 'प्रीलोड-एरर' इव्हेंट देतो तो पकडून पान रिलोड करायचं, पण अर्धी भरलेली पावती स्क्रीनवर असेल तर आधी ती सेव्ह करून मगच. रिलोड एकदाच होईल याची खूण सेशन स्टोरेजमध्ये (टॅब बंद होईपर्यंतचा साठा) ठेवली, नाहीतर खरंच नेट गेलेलं असताना पान स्वतःलाच रिलोड करत बसेल.

१२ जून

सर्व्हिस वर्कर उघडला आणि उरलेलं कोडं सुटलं. हा वर्कर सगळ्यांकडे नाहीये, ज्यांनी ॲपमधलं 'ऑफलाइन चालू करा' दाबलं त्यांच्याच फोनवर रजिस्टर होतो. आत काय तर सगळ्याला कॅश-फर्स्ट, म्हणजे आधी जवळची प्रत, इंडेक्ससकट. कॅशचं नाव हाताने लिहिलेलं 'व्ही१', आणि ती फाइल ॲप सुरू झाल्यापासून एकदाही बदललेली नाही.

ब्राउझर वर्कर अपडेट करतो तो असा: पान उघडलं की वर्करची फाइल मागवतो, जवळच्या फाइलशी बाइट-बाइट जुळवून बघतो, फरक असला तरच नवीन इन्स्टॉल. क्रोम ६८ पासून (२०१८) ही तपासणी आपसूक एचटीटीपी कॅशला बगल देऊन होते, त्यामुळे ही फाइल स्वतः अडकत नाही. पण फाइल बदललीच नाही तर ब्राउझरच्या दृष्टीने नवीन काही आलेलंच नाही, मग जुना वर्कर जुनी इंडेक्स देत राहतो, एक दिवस नाही, कायमची. ४ तारखेचे सगळे हेडर या फोनपर्यंत पोचणारच नव्हते, कारण इंडेक्सची रिक्वेस्ट सर्व्हरकडे येतच नाही.

आणि 'कॅश क्लिअर' एवढं हाताबाहेर का गेलं तेही इथेच कळलं. क्रोममध्ये फक्त 'कॅश केलेल्या इमेज आणि फाइल' पुसल्या तर वर्करची कॅश स्टोरेज तशीच राहते, ती 'साइट डेटा'त मोडते. म्हणजे पहिली टिक करून फरक पडेना म्हणून सपोर्टवाले सगळ्या टिका करायला सांगायला लागले, आणि त्याच टिकेखाली इंडेक्स्ड-डीबी, म्हणजे पावत्या.

ज्युनियर म्हणाला वर्करची फाइलच सर्व्हरवरून काढून टाकू. त्याने सुटत नाही, फाइल मिळाली नाही की अपडेट फसतो आणि आधीचा वर्कर जागेवर राहतो. फाइलचं नाव बदलणं तर अजून वाईट, जुनी इंडेक्स जुन्याच नावाचा वर्कर मागत राहणार. सुटका एकच, त्याच पत्त्यावर नवीन वर्कर द्यायचा.

नवीन वर्कर आज लिहून झाला. पान उघडायची रिक्वेस्ट नेटवर्क-फर्स्ट, म्हणजे आधी सर्व्हरला विचारायचं, तीन सेकंदांत उत्तर नाही आलं तर कॅशमधलं पान, कारण बाजारात एजंटला लोक उभे करून ठेवता येत नाहीत. हॅशवाले असेट्स कॅश-फर्स्ट. आवृत्तीचा नंबर बिल्डच्या वेळी आपोआप वर्करमध्ये घुसतो, म्हणजे प्रत्येक रिलीजला फाइल बदलणारच. ॲक्टिव्हेट झाल्यावर 'व्ही१' आणि आपल्याच प्रिफिक्सच्या जुन्या कॅश डिलीट, इंडेक्स्ड-डीबीला हात नाही. इन्स्टॉलमध्ये इंडेक्स घेताना रिक्वेस्टला कॅश 'रिलोड' असं दिलंय, म्हणजे जवळची प्रत न घेता थेट सर्व्हरवरून. हे बऱ्याच ठिकाणी राहून जातं: वर्कर मागवतो ती फाइल पण ब्राउझरच्या एचटीटीपी कॅशमधूनच येते, तिथे जुनी इंडेक्स पडलेली असेल तर नवीन वर्कर तीच जुनी उचलून जपून ठेवतो.

स्किप-वेटिंग, म्हणजे जुनी पानं बंद व्हायची वाट न बघता नवीन वर्करने ताबा घेणं, लगेच करायचं नाही असं ठरवलं. उघड्या पानावर जुना कोड चालू असताना खालून वर्कर बदलला तर पावतीच्या मधोमध काय होईल सांगता येत नाही. त्यापेक्षा वरती एक पट्टी, 'नवीन आवृत्ती आली आहे, पावती झाली की इथे दाबा', आणि दाबल्यावरच ताबा बदलून रिलोड.

१६ जून

शाखेतले कॉम्प्युटर. काउंटरवर एकच मशीन दोघीतिघी वापरतात. लॉगआउट करून बॅक दाबलं तर आधीच्या खातेदाराचं पासबुक जसंच्या तसं दिसतं, मॅनेजर साहेबांनी स्वतः दाखवलं. ही ब्राउझरची बॅक-फॉरवर्ड कॅश, यात अख्खं पान जावास्क्रिप्टसकट मेमरीत गोठवून ठेवतात, डेस्कटॉप क्रोममध्ये ९६ पासून आहे. एपीआयला नो-स्टोअर देऊन हे पूर्ण थांबत नाही कारण इथे नवीन रिक्वेस्ट जातच नाही. पेज-शो इव्हेंटमध्ये पर्सिस्टेड ट्रू असेल तर सेशन तपासायचं, नसेल तर स्क्रीन रिकामी करून लॉगिनला. लॉगआउटच्या उत्तरात क्लिअर-साइट-डेटा (साइटचा डेटा पुसायला सांगणारं) हेडर पण टाकलं, त्यात फक्त 'कॅश' लिहिलंय, 'स्टोरेज' कटाक्षाने नाही. एजंट पण हाच लॉगआउट वापरतात, 'स्टोरेज' लिहिलं असतं तर ताईंच्या पावत्या यावेळी आपण सर्व्हरवरूनच पुसल्या असत्या. कोडमध्ये त्या ओळीवर तीन ओळींची कॉमेंट लिहून ठेवली.

जुन्या वर्करने एपीआयची उत्तरंसुद्धा 'व्ही१'मध्ये साठवली होती, खातेदारांची नावं आणि शिल्लक सगळं. ती कॅश नवीन वर्करसोबत जाईल.

१८ जून

मीटिंगमध्ये सूचना आली की फॉन्ट आणि लायब्ररी पब्लिक सीडीएनवरून घ्या, दुसऱ्या साइटमुळे एजंटच्या फोनमध्ये आधीच आलेल्या असतात. एकेकाळी खरं होतं. आता ब्राउझर कॅश साइटनुसार वेगळी ठेवतात, सफारी २०१३ पासून, क्रोम ८६ पासून (२०२०), फायरफॉक्स ८५ पासून (२०२१), कारण एका साइटला दुसरीची कॅश चाचपून तुम्ही कुठे जाता ते ओळखता येत होतं. फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर, वॉफ२ या वेबच्या फॉन्ट-प्रकारात, हॅशवालं नाव. सबसेट करताना (लागतील तेवढीच अक्षरं ठेवताना) जोडाक्षरांचे नियम फाइलमध्ये राहिलेत ना हे डोळ्यांनी बघायचं, 'ज्ञानेश्वर', 'दऱ्याखोऱ्या', 'बाळकृष्ण' असं लिहून फोनवर तपासलं.

२३ जून

रात्री आठनंतर रिलीज, तेव्हा सगळ्यांचं सिंक झालेलं असतं. एपीआयच्या प्रत्येक रिक्वेस्टसोबत आता ॲपची आवृत्ती येते, ती ज्याच्यात नाही तो फोन अजून जुन्यावर आहे असं समजायचं.

जुना वर्कर असलेल्या फोनवर एक अडचण होती, जुन्या इंडेक्समध्ये पट्टीचा कोडच नाही, मग पट्टी दाखवणार कोण. आणि एजंट लोक ॲप कधी पूर्ण बंद करत नाहीत त्यामुळे नवीन वर्कर वाट बघत बसणार. म्हणून फक्त या एका रिलीजला वर्कर इन्स्टॉल होतानाच 'व्ही१' आहे का बघतो आणि असेल तरच स्किप-वेटिंग करतो. उघडं पान त्याला हात न लावता तसंच चालू राहतं, पुढच्या वेळी उघडलं की नवीन. जुने चंक लागले तर आधीच्या डिप्लॉयचे असेट्स सर्व्हरवर परत ठेवलेत, ते क्रॉनमधून वगळले.

२४ जून

दुपारपर्यंत बहुतेक फोन नवीन आवृत्तीवर. उरले ते काल-आज उघडलेच नव्हते, एक एजंट गावी गेलेत. एकाही पावतीचं नुकसान नाही, शाखेतल्या ताईंनी वह्यांशी ताळा करून सांगितलं. एका एजंटकडे आयफोन आहे आणि तो सफारीच्या टॅबमधूनच वापरतो. २०२० पासून सफारी वापरात असताना सात दिवस एखाद्या साइटला हात लागला नाही तर ती त्या साइटचं स्क्रिप्टने लिहिलेलं सगळं स्टोरेज पुसते, इंडेक्स्ड-डीबीसुद्धा. होम स्क्रीनवर लावलेल्या ॲपला हा नियम नाही, म्हणून त्याला आजच लावून दिलं, लावायच्या आधी सिंक करून घेतलं.

२७ जून

मुद्दाम छोटं रिलीज, पावतीवरच्या तारखेचा फॉन्ट एवढाच बदल. पट्टी आली, एजंटनी दाबली, संध्याकाळी आवृत्तीच्या यादीत जुनं कोणी नाही, आणि शाखेतून एकही फोन नाही.

सपोर्टच्या शीटमधलं ते जुनं उत्तर काढून टाकलं. आता फोन आला की दोनच गोष्टी विचारायच्या, स्क्रीनच्या तळाशी आवृत्तीचा नंबर काय आहे आणि 'न पाठवलेल्या पावत्या' किती दाखवतंय. दुसरा आकडा शून्य नसेल तर बाकी काहीही करायच्या आधी सिंक.

राहिलेलं: फोनची जागा भरली तर ब्राउझर आपणहून साइटचा डेटा काढू शकतो, त्यासाठी स्टोरेज पर्सिस्टची परवानगी मागायची आहे. क्रोम ती न विचारता स्वतःच ठरवतो, होम स्क्रीनवर लावलेल्या ॲपला सहसा देतो. ती मिळाली की नाही हे पण आवृत्तीसोबत सर्व्हरला पाठवायचं, सोमवारी सुरुवात.